डाव्या बाजूचा खिसा

सोलापूर,
ता. ९ डिसेंबर १९७६

ती. विरुपाक्षअण्णास,
दाक्षायणीचे शरणु शरणार्थी.

तुझं कार्ड शिवणवर्गाच्या पत्त्यावर मिळालं. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. थंडी पडली आहे. यंदा ज्वारी बरी आहे म्हणतात. अव्वाच्या गुडघ्यांचं नेहमीचंच.

माळ्यावरची गिटार कुणालाही देऊन टाक, असं तू लिहिलंस. ते जमणार नाही. ती वापरात आहे.

त्याबद्दलच तुला विचारायचं आहे. एक गृहस्थ आहेत. साठीचे, पोट सुटलेले, हे वाद्य पूर्वी कधी हातात धरलेलं नाही. त्यांनी बसावं कसं? मांडी घालून बसले तर गिटार धोतरावरून घसरते. हातांच्या खुर्चीत बसवलं तर कोपर अडकतं. लोडाला टेकवलं तर गृहस्थांना झोप लागते. लग्नाच्या बँडमधला एक जण आडवी ठेवून वाजवतो म्हणून तशीही मांडीवर ठेवून पाहिली. शेजारच्या सुंदरम्मा म्हणाल्या, चटणी वाटायला बसलेत का? त्यावर गृहस्थ चिडले. अव्वा म्हणाली, "सुम्न कुंद्री की." पण गप्प बसायला आधी बसता तर यायला हवं.

शेवटी दुकानातलं स्टूल वर आणलं. मापं बदलल्यापासून कोपऱ्यात पडलेली लोखंडी पायली पालथी घातली आणि डावा पाय तिच्यावर ठेवला. मांडी वर आली, गिटारीची कंबर तिच्यावर नीट बसली आणि डावा हात तारांपाशी पोचला. एवढं बरोबर आहे ना? पाय मात्र त्यांना उजव्या हाताने उचलून पायलीवर ठेवावा लागतो.

ओळखलं असशील. अप्पाच आहेत.

श्रावणात दुकानात डाळ तोलताना त्यांच्या हातून तराजू पडला आणि पाठोपाठ ते पडले. डावी बाजू गेली. तोंड वाकडं असतानाच त्यांनी बजावलं की विरुपाक्षाला कळवायचं नाही. दवाखान्यात त्यांचे आम्हाला समजलेले पहिले शब्द हेच. अव्वाने ऐकलं, मीही ऐकलं. मला त्यांचा राग येतो आणि माझाही. तुझाही येतो. जंक्शनात नोकरी करतोस आणि सोलापूरकडे गाडीच सुटत नसल्यासारखा राहतोस.

आता काठी घेऊन चालतात. बोलणं स्वच्छ आहे, म्हणजे पूर्वीसारखंच खडूस. डॉक्टरांनी बोटांसाठी रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी गॅलरीतून खाली टाकला. "हे काय वय हाय माझं चेंडू खेळायचं?" मग दिवाळीनंतर एकदा जेवता जेवता म्हणाले, "माळ्यावरचं ते काढा. बोटं दाबायचीच हायत तर तारा तरी दाबू." अव्वाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

वाजतं असं काही नाही. तारा दबतात, कधी त्याही नाही. तर्जनी ऐकते, करंगळी अजून परक्यासारखी वागते. पण दुपारी दुकान बंद केलं की ते पायलीवर पाय ठेवून बसतात.

आता खरी अडचण. बैठक जमली त्याच दिवशी टक-टक असा आवाज यायला लागला. अप्पांना वाटलं, लाकूड सुटलं. त्यांनी गिटार उलटी करून पाहिली, कानाशी हलवून पाहिली. पुन्हा छातीशी धरली की पुन्हा टक. अव्वा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लाकूड न्हवं ते. तुमची करडगी हाय."

गळ्यातल्या लिंगाची ती चांदीची डबी गिटारीच्या पाठीवर आपटत होती.

तू घर सोडलंस त्या दिवशीचं तुला मी काय सांगणार? गिटार तुझ्या मांडीवर होती, करडगी खुंटीवर होती, आणि अप्पा अवेळी दुकानातून वर आले. "लिंग उतरवलंस न्हवं, आता जिना बी उतर." तू उतरलास. का काढलीस, हे त्यांनी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. दोघेही एकाच मातीचे.

अव्वाचं ऐकून अप्पांनी गिटार भिंतीला टेकवली. करडगी तळहातावर घेतली. मग म्हणाले, "त्याचं बी असंच वाजायचं व्हय?"

"वाजायचं की," अव्वा म्हणाली. "तुमी इचारलासा कुटं?"

पुढे काही दिवस त्यांनी गिटारीला हात लावला नाही. मला वाटलं, संपलं. तर परवा मशीनपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, बंडीला डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, आतून खिसा लाव. दोरा गळ्यातच राहील, करडगी खिशात. अंगावरून उतरायला नको आणि आपटायलाही नको. मी लावून दिला. घालून बसले, पाय ठेवला, तार छेडली. आवाज तारेचाच आला. कसला ते विचारू नकोस, पण तारेचाच.

मी विचारलं, "झालं ना?"

"आनखी एक शिव."

"ही धुवायला पडली म्हणजे घालायला?"

"माझ्यासाटी न्हाय. त्याच्या मापाची." आणि काठी टेकत आत गेले.

तू करडगी अजून घालतोस का, असं अव्वा विचारते आहे. अप्पांनी ते विचारलेलं नाही. त्यांनी खिसा शिवायला सांगितलं.

मांजरपाट आणून ठेवला आहे. तू गेलास तेव्हाचं माप मला पाठ आहे, पण आता ते चालणार नाही. कार्डावर लिहून पाठवू नकोस. खिसा नेमका कुठे लावायचा हे गिटार घेऊन माणूस समोर बसल्याशिवाय ठरत नाही. अप्पा स्टूल आणि पायली जागेवरून हलवू देत नाहीत, अव्वाला झाडतानाही नाही.

कापडाला कात्री न लावता थांबलेली,
तुझी बहीण
दाक्षायणी