वखारीवर नवशीचं नाव

तलासरी, दिवाळीनंतर, १९५८

रिबेका,

तुझे डोळे गेले, असं तुझ्या विल्सनने कळवलं. आई आता नगरलाच राहील म्हणतो.

पोरं आईबापांबरोबर गवत कापायला गेलीत. तू न्यायचीस तसा फळा डोक्यावर घेऊन मी तिथेच शाळा भरवते. काल नवशीने गवताच्या वखारीच्या भिंतीवर कोळशाने आपलं नाव लिहिलं. शेठ ओरडला, "अरे, वखार नवशीची झाली काय?" तिचा बाप म्हणाला, "वाचता आलं ना शेठ? म्हणजे बरोबर लिहिलंय!" मी खूप हसले, आणि सांगायला तू नाहीस.

तू मला चुलीपुढे बसवून अक्षरं शिकवलीस, माझा देव कोणता ते कधी विचारलं नाहीस. पण माझं शिक्षण तेवढंच. पोरं पुढे चालली, मला भागाकार येत नाही. या वयात एकटीने नाही जमत गं. दिसत नाही तर नसू दे. तू परत ये, नुसती बसून सांग, फळ्यावर मी लिहीन.

पण हे तुला विल्सनच वाचून दाखवणार. म्हणेल, आईला सुखाने राहू द्या. त्याचं खरंच आहे, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोरांना मात्र तू येतेस म्हणून सांगून बसलेय.

तुझीच,
जमुना