गोकुळदासांना दिलेला शेरा

मये,
रविवार

तीर्थरूप यशवंतमामांस सायलीचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक म्हणणार होते, पण गेल्या आठवड्यातले तीन दिवस मी दाराला कडी लावून काढले.

झालं असं. माझ्या गायनवर्गात प्रत्येकाचं गाणं ऐकून लेखी अभिप्राय द्यायचा, हे मीच ठरवलं (दुर्बुद्धी!). लहानांना 'छान', मोठ्यांना 'सुधारणा हवी', असे वीस कागद सोमवारी अर्ध्या तासात उरकले. त्यातला एक गोकुळदासांचा. हे पाळी गावचे, खाणीवर मोठी मशीन चालवून निवृत्त झालेले. मिशी अशी की तानपुरा भीतीने उतरावा. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात टाकला आणि निघून गेले. मामा, ओरडणाऱ्या माणसाची एवढी भीती वाटत नाही, घडी घालणाऱ्याची वाटते. तीन दिवस बाहेर स्कूटर थांबली की मी पडद्याआड.

गुरुवारी ते खरंच दारात! मी स्वयंपाकघरात लपले. आईने (मी हातवारे करून नको नको म्हणत असताना) "आहे ना, या!" म्हणून चहा ठेवला. शेवटी बाहेर आले. त्यांनी कागद पुढे केला.

"बाई, सुधारणा हवी म्हणता, पण खंय?"

कुठे, ते काय सांगणार? मी नीट ऐकलंच नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मशीनच्या आवाजान डावो कान गेलो. सूर खंय सुटता, माका कळणा नाय. भजनात लोक हसतत, सांगणा कोण नाय. तुम्ही लिवन दितलात म्हणान इलंय."

मी लिहून देईन या आशेने आलेले ते, आणि लाजेने माझी मान वर होईना. त्यांना तिथेच दोनदा गायला लावलं आणि लिहिलं: 'दुसऱ्या ओळीत वर चढताना श्वास संपतो, म्हणून सूर उतरतो. 'विठ्ठला'च्या आधी श्वास घ्या. उजवा कान पेटीकडे करून बसा. ताल पक्का आहे, तो असाच ठेवा.' त्यांनी वाचलं, तसेच गायले, आणि मामा, सूर लागला! आई चहा ओतायची थांबली. उरलेले एकोणीस कागद मी आता ऐकून पुन्हा लिहितेय.

तुमची भाची,
सायली

ता. क. शनिवारी धारगळच्या देवळात माझं गाणं आहे. तुम्ही पुढे बसून चुका लिहून काढाल, ठाऊक आहे. वरचं सगळं विसरा. नुसतं 'छान' लिहा.

आणखी ता. क. तेवढंही जमणार नसेल, तर मामींनाच पाठवा.