दहावा सिनेमा

मंगळवार, ९ सप्टेंबर

यंदाच्या यादीत नऊ सिनेमे झाले! मूर्ख मी! भाऊने विचारलं, "यादीत घालू का?" आणि मी हो म्हणून बसले. दोन बहिणी आणि त्यांच्या म्हशीचा सिनेमा, इतका गोड होता की तोंडातून निघूनच गेलं.

जळगावहून डायलिसिस करून परत येताना, यावलच्या बसमध्ये, भाऊ म्हणाला, "आता एकच राह्यला. दहा झाले का मी सुई बंद करतो. डॉक्टरले सांगून ठेवलंय."

मी खिडकीतून केळीच्या बागा बघत बसले.

बुधवार, १० सप्टेंबर

डॉक्टरांना फोन केला. डायलिसिस थांबवायचं की नाही, हे प्रेमराजभाऊंनीच ठरवायचं म्हणे. किडनी बदलणं त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. आणि थांबवलं तर? "आठ-दहा दिवस, ताई."

ही यादी आमची, माझ्या लहानपणापासूनची. भाऊ फैजपूरच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होता, बावीस वर्षं. वर्ष सरलं की दोघांनी बसून वर्षातले दहा आवडते सिनेमे ठरवायचे आणि जुन्या पोस्टरच्या पाठीवर लिहायचे. दोघांनाही आवडला तरच यादीत. केबिनमध्ये मरणाचा उकाडा. भाऊ बनियनवर, स्टुलावर, डोळे मिटून. मला वाटायचं झोपला! पण नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं रीळ संपत आलंय, आणि बरोब्बर उठायचा.

आता तिथे मंगल कार्यालय आहे. वहिनी गेल्यापासून भाऊ माझ्याकडे. मंगळवार-शुक्रवार चार तास मशीनवर. मोबाईलवर सिनेमा, एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. यादी आता वहीत, सिनेमा आवडला की लगेच लिहायचा.

ठरलं. दहावा होऊच द्यायचा नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

शाळेतल्या शिपायाचा सिनेमा. फार सुंदर. शेवटच्या अर्ध्या तासात भाऊचा डोळा लागला, मशीन थकवतंच. उठल्यावर म्हणाला, "शेवटी काय झालं वं?"

रिटायर झालेला शिपाई रिकाम्या शाळेत एकदाच घंटा वाजवतो आणि निघून जातो. मी पदराने डोळे पुसत होते! पण सांगितलं, "काही नाही रे भाऊ. हीरो विमानातून येतो, मारामारी, लग्न."

"हट्! फालतू!"

सुटले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हाही बाद. सायकल दुकानवाल्या बाईचा — यंदाचा सगळ्यात चांगला असेल! भाऊ पुन्हा शेवटाआधीच झोपलेला. मी शेवटी भूत घातलं.

"भूत? सायकलच्या दुकानात?" सिस्टर मोनालीला हसू आवरेना.

घरी येऊन मशीनवर शिवायला बसले, टाका सरळ पडेना. भाऊचा हात सुजून लाकूड झालाय. अंगाला खाज, जेवण ठरत नाही, पाणीसुद्धा मोजून. आणि मी त्याला आठवड्यातून दोनदा तिथे नेऊन झोपवते. कुणासाठी? इथे तरी खरं लिहावं — माझ्यासाठी. मला एकटीला राहायची भीती वाटते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळलं. भाऊ खिसा चाचपत म्हणाला, "काय देऊ वं ओवाळणी?"

"उद्याचा शुक्रवार दे."

भाऊने खिशातून हात बाहेर काढला. मग म्हणाला, "बरं."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाद.

मंगळवार, १६ डिसेंबर

सिनेमा संपला, भाऊ नेहमीसारखा झोपलेला, मी इयरफोन गुंडाळत होते, तेवढ्यात बी.पी. पडलं. भाऊ पांढराफटक! मोनाली धावत आली, पाय वर धरले, सलाईन सोडलं. मला वाटलं, गेला. मीच मारलं त्याला, माझ्या खोटेपणाने.

शुद्धीवर आला आणि पहिलं काय विचारावं? "शेवटी काय झालं?"

नावाड्याचा सिनेमा होता. म्हातारा रिकामी नाव धारेला सोडून देतो आणि काठावर बसून बिडी पेटवतो. बस, एवढंच. आज सांगून टाकावं असं वाटलं. पण म्हटलं,

"पोलीस येतात. सगळ्यांना पकडतात."

"हा बी फालतू," भाऊ म्हणाला. आणि माझा हात धरून पडून राहिला.

बुधवार, ३१ डिसेंबर

सकाळी भाऊने यादीची वही पुढे सरकवली. दहावा — नावाड्याचा. त्याच्या अक्षरात.

खाली मी बाद केलेले सगळेच्या सगळे. प्रत्येकापुढे शेवट. शिपायाने घंटा वाजवली. नाव सोडली, बिडी पेटवली. एकही चुकलेला नाही!

"ऑपरेटर कधी झोपतो का वं?" म्हणाला. "शुक्रवार मागितला होता ना तू? वर्षात होते तेवढे सगळे देले."

परवा शुक्रवार. मीच म्हटलं, "भाऊ, जळगावला नको जायला."