ताईची निळी साडी

भंडारा. सोमवार, नोव्हेंबर १९८३. संध्याकाळ.

नागपूरहून येणारे मनाचे डॉक्टर मागच्या सोमवारी म्हणाले होते, "पुढच्या वेळी तुम्हाला मनापासून वाटतं ते नेसून या." म्हणून आज ताईने दार लावून मला तिची निळी साडी नेसवली. खांद्यावर पदराला पिन लावली. 

दवाखान्याच्या बाकावर आमच्या दिघोरीचे सोनबाकाका बसलेले. मला पाहून उठलेच. "काहून रे बापू, यंदा मंडईच्या दंडारीत बाईचं सोंग तुले भेटलं का?"

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिथे दंडारीच्या नाटकात पुरुषच बायका होऊन नाचतात. मी हो म्हणाले. का म्हणाले? तालमीला चाललो, असंही सांगून टाकलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सोंग उतरवून घराबाहेर पडले होते.

"मस्त शोभून राहिलं तुले," काका म्हणाले. आता तालमीला निघालेला माणूस दवाखान्यात बसेल कसा? कंपाउंडरने माझं नाव पुकारलं तेव्हा मी पायऱ्या उतरत होते. पिन खांद्याला टोचत होती.

घरी ताईने ती पिन काढता काढता विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"शोभते म्हणाले."

शोभते म्हणाले हे खरंच. कोण म्हणालं, तेवढंच खोटं.

ताईने डोळे पुसले. पिन डबीत न टाकता माझ्या हातात दिली.

"येत्या सोमवारी माझी हिरवी नेसजो."