पिवळ्या मण्यांची माळ

प्रिय इज्जाताई,

हे पत्र मदतीला आलेल्या नजातच्या हाती देते आहे. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. वाचून झालं की चुलीत घाल, नाहीतर बायकांना जमवून वाचून दाखव. अक्षरं तूच शिकवलीस मला, बकऱ्यांमागे बसून, मातीवर काटकीने.

भूकंपाला पाच महिने झाले. बर्फ वितळून तंबूत चिखल झालाय. दिवस राहिल्यापासून सासूबाई मला पाण्याला जाऊ देत नाहीत. खालच्या गावच्या बायका अजून येतात, माझ्या शालीला हात लावून बोटं ओठांना टेकवतात. भूकंपाच्या रात्री हिच्या मेंदीला सगळं गाव उघड्यावर गाणी ऐकत बसलं म्हणून वाचलं, म्हणतात. "पोरी, तुझं पाऊल बरकतीचं." मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, लाजते.

परवा तू तुझ्या पडक्या घरात बसली होतीस. उरलेल्या धाब्याखाली, चिरलेल्या तुळईच्या बरोबर खाली. जमीन अजून हलते, हे माहीत असून. नजातने हाताला धरून बाहेर आणलं तर म्हणालीस, "मराकेशहून आलीस होय, मला बसायला शिकवायला?" बायका हसल्या. मीही हसले, तो तुझा जुना आवाज होता. मग हातातली भाकरी कुत्र्याला टाकून तू पुन्हा आत गेलीस. नजात म्हणते, हे नुसतं दुःख नाही, ही बाई स्वतःला शिक्षा करते आहे. कशाची, ते कळलं तर काही करता येईल. मी म्हटलं, मला काय माहीत.

तुझी कल्तूमा त्याच घराच्या ढिगाऱ्यात सापडली तेव्हा तिच्या मुठीत तुझी माळ होती. त्याच माळेला हात लावला म्हणून त्या दिवशी सकाळी तू तिला थप्पड मारली होतीस. आठ वर्षांची पोर, गाणी सोडून गुपचूप घरी गेली, पेटी उघडली. लोकांनी तेवढंच जुळवलं. तूही. काल माझ्या पोटाकडे बघून म्हणालीस, "मुलगी झाली तर कल्तूमाचं नाव ठेवू नकोस हो. चोरटी निघेल."

ताई, ती चोर नव्हती. त्या रात्री नवरीचे हातपाय मेंदीच्या फडक्यांत बांधलेले, तोंडावर पडदा. तिने उठायचं नाही, मोठ्यांशी बोलायचं नाही. सासरच्या बायका कुजबुजत होत्या, "गळ्यात पिवळे मणी नाहीत, ही कसली नवरी?" तू चार पावलांवर डफ वाजवत होतीस. तू चारचौघांत नाही म्हणशील, या भीतीने मी पडद्याआडून कल्तूमाला म्हटलं, पळत जा, आईची माळ आण. ती म्हणाली, "आई मारेल." मी म्हटलं, नाही मारणार, मी आहे ना. ती गेली आणि जमीन हलली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोक तिला ओढ्याकडे शोधत होते. ती कुठे आहे ते मला माहीत होतं. तोंड उघडलं नाही. तेव्हा ती जिवंत होती का, हे मी कुणाला विचारू? त्या छताखाली कुणी बसायचंच असेल तर मी बसते. तू बाहेर ये. कल्तूमाने तुझा शब्द आपणहून मोडला नाही, मी मोडायला लावला.

तुझी म्हणायचं तोंड नाही, तरी तुझीच,
तूदा