सुजलेल्या दाढेला भूल लागत नाही

लिमा, १२ ऑगस्ट १९७४

प्रिय आई,

आज सकाळी दंतमहाविद्यालयात शिकवलं, दुपारी रोगी पाहिले, संध्याकाळी खोलीवर आले. माझी तब्येत ठीक आहे. हे पत्र धाकट्या बेनितोला तुला सावकाश वाचून दाखवायला सांग.

बाबांना पुरून आल्यावर फेलिसितास मावशी सगळ्यांदेखत तुला म्हणाल्या, "तुझी राखच यंदा मिळमिळीत, म्हणून कोकाची पानं राखेसकट दाढेशी धरूनही त्यांचा ठणका थांबला नाही. किन्वाची ओली ताटं जाळलीस ना?" तेव्हापासून तू पानांना जोर आणणाऱ्या राखेच्या वड्या थापल्या नाहीत, असं बेनितोनं कळवलंय.

आज मी वर्गात हेच शिकवत होते. गळू झालं की तिथलं मांस आंबट होतं, आणि अशा जागी भुलीचं औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरत नाही. एकानं विचारलं, "मग बाई, पेशंटला काय टोचायचं, आशीर्वाद?" मुलं हसली. मी फळा पुसत राहिले.

आई, तुझी राख चांगली आहे. बाबांना पुरून परत येताना आणलेल्या त्याच राखेच्या वडीचा तुकडा मी आत्ताच कोकाच्या पानांबरोबर तोंडात धरला, जीभ लगेच बधिर झाली. बाबांच्या दाढेत पू होता, तिथे माझी सुईही चालली नसती. मी जवळ असते तर दुसरं काय करता आलं असतं, ते मी रोज मनात करून बघते. पण राखेचा दोष नव्हता.

तुझा गुडघा कसा आहे? थंडीत मेंढ्यांमागे बेनितोला पाठव.

बटाटे उकडून ठेवलेत. जिभेला चव आली की सोलून जेवते.

तुझीच,
लुसमिला