खोक्याचं दार आणि तुमचं नाक

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली आणि सासूला पत्र घालायचं मला आता या वयात सुचलंय, तेही दुसऱ्याच्या हातानं. माझी नात, म्हणजे तुमची पणती, समोर कागद घेऊन बसलीय. ती चित्रकलेच्या कॉलेजात आहे. बायका चित्रांतून, लिखाणातून समाजाचं बरं-वाईट कसं मांडतात, असा काहीतरी तिचा अभ्यास आहे, आणि त्यात तिला आपली गौरीपुढची आरास घालायचीय. परवा मला विचारते, "आज्जी, त्या आराशीतलं दार कशाचं प्रतीक होतं?" मी म्हटलं, "दार चपलांच्या खोक्याचं हुतं." ती म्हणाली, "तसं नाही गं, त्याचा अर्थ काय?" म्हटलं, "अर्थ असा, की खोकं फुकट मिळालं हुतं." तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग मीच म्हटलं, लिही, मी सांगतो तसं लिही, पण तुला न्हाय सांगत, जिची गोष्ट हाय तिला सांगतो. आपण कोल्हापूरच्या बायका मी येतो, मी जातो म्हणतो, ते ही पोरगी सरळ करून मी येते, मी जाते लिहिते. हाय-न्हायचंही आहे-नाही करते; कुणी बोललेलं तेवढं तसंच ठेवते. मला अक्षर कळत नसलं तरी खोडलेलं कळतं. पण असू दे, जरा नटून-थटून जाऊ दे तुमच्यापुढं.

तिला मी आधी नळाची आरास सांगितली. आठवते ना? गल्लीत नुकती केबल आली होती आणि पाणी जायला लागलं होतं. सकाळी तासभर नळ यायचा, त्यात आपण बायका घागरी लावून उभ्या, आणि तालमीचा अध्यक्ष पुढं येऊन धारेखाली बसून साबण लावायचा. त्याला बोलायचं कुणी? त्या वर्षी गौरीच्या आधी पंधरा दिवस दुपारची भांडी झाली की तुम्ही स्वयंपाकघरात चुलीशेजारी पाय पसरून बसायचा. मांडीवर शाडूचा गोळा, बाजूला काड्या, चिंध्या, ब्लाउजचे तुकडे, तोंडात मिसरी. मी काडीला चिंध्या गुंडाळून अंग करून द्यायची, तोंडं तुम्ही करायचा. नाक तर मला करूच द्यायचा नाही. एकदा मी केलं तर चिमटीत धरून उपटलंत आणि म्हणालात, "ह्ये नाक हाय का भज्याचं पीठ सांडलंय?" बायकांची रांग केली, घागरी केल्या, एक बाई घागरीवर डोकं टेकून घोरणारी केली, आणि नळाखाली एक जाडजूड पैलवान बसवला. काळ्या दोऱ्याच्या मिशा, अंगावर कापसाचा फेस. शेजारच्या मास्तरीणबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "आत्ती, झकास झालंय. फक्त खाली पाटी लावा, पाणी जपून वापरा म्हणून." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पाटी कुणाला वाचाय? मला येतंय? हिला येतंय? गौरी माहेराला आल्यात बाई, शाळंत न्हाय."

आणि अध्यक्ष प्रसादाला आला! मी खिरीची वाटी घेऊन भिंतीला चिकटून उभी आहे. तो वाकून बघतोय, मिशांवरून हात फिरवतोय. "ह्यो कोण म्हणायचा?" तुमचा चेहरा असा, की देवळातल्या दीपमाळेलाही तुमच्यापेक्षा जास्त भाव असतील. "असंल की कुठला तरी पैलवान. खीर घ्या पावणं, गार हुतीय." त्यानं खीर घेतली, आणखी एकदा बाहुलीकडं बघितलं, आणि गेला. गौरी गेल्यावर तो नळावर यायचा तो सगळ्यांच्या घागरी भरून झाल्यावर. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "मी भांडलो असतो तर त्यो बी भांडला असता. बाहुलीसंगं कसं भांडंल?" हे सांगितलं तर नात हरखून गेली. म्हणते, मोठमोठ्या बायकांनी पुस्तकांत हेच केलंय. मी म्हटलं, मग त्यांनीबी खीर केली असणार.

आता मुद्द्यावर येते. मामंजी गेले त्याच्या पुढची गौर. मी धास्तावलेली होते, तुम्ही आरास करता की नाही म्हणून. पण तुम्ही केलीत, आणि कशी केलीत! गौरीपुढं जागरणाचा खेळ: फुगडी घालणाऱ्या दोघी, सूप नाचवणारी एक, गाल फुगवून घागर फुंकणारी एक, आणि टाळ्या पिटणाऱ्या बायकांची ओळ. एकेकीचं नाक बघत राहावं असं. सगळं मांडून झालं, दुसऱ्या दिवशी गौरीला न्यायला शंकरोबा आला, पुरणाचा नैवेद्य झाला, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या वेळी तुम्ही हात धुतलेत आणि उठलात. "मी बसतो आत." मी म्हटलं, "आत कशाला?" "सवाष्णींच्यात माझं काय काम? कुणाला बरं वाटतंय, कुणाला न्हाय." तुम्हाला कुणी आत जा म्हटलं नव्हतं, आत्याबाई. चुलतसासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पण त्या तर जयसिंगपूरला लेकीकडं होत्या. तुम्हीच तुमच्यापुरता निकाल लावलात. मी वाद घालायला तोंड उघडलं तर म्हणालात, "गप. दुधाकडं बघ, उतू जाईल." तोंडानं तुमच्याशी जिंकलेलं माणूस मी या पेठेत बघितलेलं नाही.

पण तुम्ही असंच काहीतरी करणार, हे मला महिनाभर आधी वाटत होतं. म्हणून मी चोरून एक बाहुली केली होती. गॅसच्या टाकीमागं लपवून वाळवली. विटक्या लुगड्याचा तुकडा, मोकळं कपाळ, तारेचा चष्मा, त्याला दोरी. तुमच्या पाठीमागं स्वयंपाकघराचा पडदा पडला तशी मी चपलांच्या खोक्याला कापून दार केलं, ते आराशीच्या पार मागच्या कोपऱ्यात उभं केलं, आणि बाहुली त्यात अशी खोचली की अर्धं अंग दाराआड, अर्धं तोंड बाहेर. खेळाकडं बघणारं. तुम्हाला लागलं तर? आणि बायका म्हणाल्या तर, सणाचं हे काय अभद्र? पण आता काढायला वेळ नव्हता, बायका दारात आल्या होत्या.

आल्या, बसल्या, आराशीचं कौतुक सुरू झालं. मग मास्तरीणबाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं. तिनं पुढचीला. बघता बघता सगळी खोली कोपऱ्याकडं वळली. आतून फक्त तुमच्या बत्त्याचा आवाज येतोय, वेलदोडे कुटताय तुम्ही. आता कुणीतरी रडेल असं मला वाटलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यावरची पिठाच्या गिरणीवाली फस्सकन हसली. "अगं बया! नाक बघा की आत्तींचं!" मग काय, एकीनं दुसरीच्या पाठीवर थापा मारायच्या आणि पदर तोंडात कोंबायचा. आत बत्ता थांबला. "काय गं, कशाला दात काढताय?" हसणं काही थांबेना. "माझ्या घागरवालीला काय झालं का?" "घागरवाली बरी हाय, आत्ती. पर तुमचं नाक..." "माझ्या नाकाला काय धाड भरलीया?"

आणि तुम्ही बाहेर आलात. हातात बत्ता तसाच. वाकून बघितलंत. खोक्याचं दार, दाराआडची तुम्ही. चष्मा वर सारून पुन्हा बघितलंत. मग माझ्याकडं वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ह्ये माझं नाक? आगं म्हशे, वांगं हाय ह्ये! पाणी आण. शाडू हाय का सगळा संपवलास?" तुम्ही मांडी घालून बसलात, तिथंच, गौरीच्या पुढ्यात, बायकांच्या मधोमध. बाहुली दारातून उपसून काढलीत, वाटीत बोट बुडवलंत, आणि नाक करायला लागलात. भोवती बायका, आणि तुम्ही सांगताय, नाक आधी मुळाशी दाबायचं असतंय, शेंड्याकडनं ओढायचं नसतंय. नाक झालं. बाहुली हातात धरून तुम्ही दाराकडं बघितलंत. मग टाळ्या पिटणाऱ्यांच्या ओळीकडं. दोन बाहुल्या इकडं-तिकडं सरकवल्यात, म्हणालात, "सरका गं जरा," आणि तिला तिथं बसवलंत.

त्यानंतर तुम्ही आत गेला नाहीत. कुंकवाची कोयरी तुमच्यापुढनं पुढं गेली, ती मात्र तुम्हीच हातानं पुढं ढकललीत. पण मास्तरीणबाईंनी तुमच्या हातावर अत्तर लावलं, गिरणीवालीनं ओंजळीत करंज्या घातल्या, आणि फुगड्या सुरू झाल्यावर तुम्ही परात वाजवत प्रत्येकीची खोड काढलीत. "ही फुगडी हाय का जातं फिरतंय? जोर लाव की!" पुढच्या वर्षी तुम्ही आत बसायचं नावही काढलं नाहीत, आणि त्याच्या पुढच्या वर्षी खालच्या गल्लीतल्या दोघी, तुमच्यासारख्याच, आपणहून येऊन तुमच्या शेजारी बसल्या. एकीनं परात आणली होती.

नात म्हणते, आज्जी, तू किती धाडस केलंस त्यांच्यासाठी. दार म्हणजे रूढी, बाहुली म्हणजे बंड, असं काहीबाही ती लिहून घेतेय, आणि अगदीच चुकतेय असंही नाही. मी मान हलवली, कौतुक कुणाला नको असतं? पण तुम्हाला म्हणून सांगते. मी ते तुमच्यासाठी केलं नव्हतं. सवाष्णी, विधवा, समाज, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. तुम्ही आत आणि मी बाहेर, अख्खा सण मी गोड बोलणाऱ्या बायकांत बसून काढायचा, मला म्हशे म्हणायला कुणी नाही, हे मला सोसणार नव्हतं. तुमच्यावाचून करमत नव्हतं मला, आत्याबाई. हे तेव्हा तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर पेठेत सांगत फिरला असता, आणि आत्ताही तिकडं कुणाकुणाला सांगाल याचा भरवसा नाही. म्हणून, पोरीनं ऐकलं ते ऐकलं, पण हा कागद मी तिच्याकडनं काढून घेते आणि उशीखाली ठेवते.